टायसन-डग्लस लढतीत रेफ्रीने हळू मोजलं, मग डग्लसचा विजय खरा कसा मानायचा?

डग्लसचा विजय शंभर टक्के खरा आहे. रेफ्रीची मोजणी चुकली, हेही तितकंच खरं आहे.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आठव्या फेरीत बस्टर डग्लस दहा सेकंदांहून जास्त वेळ खाली होता हे व्हिडिओत दिसतं, मग तिथेच त्याला नॉकआउट का दिलं नाही? आणि आज एवढे कॅमेरे असताना असे वाद मिटत का नाहीत? पहिल्या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण गेली पस्तीस वर्षं डग्लसला त्याच्या न केलेल्या चुकीबद्दल बोल लावला जातोय आणि मला ते मनापासून खटकतं.

११ फेब्रुवारी १९९०, टोकियो डोम. हेवीवेट बॉक्सिंगचा जगज्जेता माइक टायसन तोवर एकही व्यावसायिक लढत हरलेला नव्हता आणि सट्ट्यात डग्लसचा भाव ४२ ला १ होता. प्रत्यक्षात रिंगमध्ये उलटंच चाललेलं. डग्लस लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारत होता, मागोमाग उजवा हात सोडत होता आणि टायसनला जवळ येऊ देत नव्हता. आठवी फेरी संपायला काही सेकंद उरले असताना टायसनचा उजवा अपरकट, म्हणजे खालून वर मारलेला ठोसा, लागला आणि डग्लस आडवा झाला. रेफ्री ऑक्टाव्हियो मेरान यांनी मोजायला सुरुवात केली, पण स्वतःच्या ‘एक’पासून. रिंगच्या कडेला बसलेल्या टायमकीपरची मोजणी त्याआधीच सुरू झाली होती. नियमाप्रमाणे रेफ्रीने टायमकीपरचा आकडा उचलून तिथून पुढे मोजायचं असतं. मेरान यांनी तो उचललाच नाही आणि दोन मोजण्यांत साधारण दोन सेकंदांचं अंतर पडलं. डग्लस मेरान यांच्या ‘नऊ’वर उभा राहिला, पाठोपाठ फेरी संपल्याची घंटा झाली. दहाव्या फेरीत त्याने टायसनला अपरकट आणि त्यावर ठोशांची सरबत्ती करून पाडलं. टायसन व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा खाली गेला होता. तोंडातून पडलेला माउथपीस चाचपडत तो उठू पाहत होता, तेवढ्यात मोजणी संपली.

लढत संपल्यावर टायसनचे प्रमोटर डॉन किंग यांनी आठव्या फेरीचा मुद्दा काढला. डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी या दोन संघटनांनी डग्लसला विजेता म्हणून मान्यता देणं रोखून धरलं. मेरान यांनीही आपली मोजणी चुकल्याचं कबूल केलं. आयबीएफ या तिसऱ्या संघटनेने मात्र डग्लसला लगेच विजेता मानलं. जगभरातून इतकी टीका झाली की बाकीच्या दोघांनाही काही दिवसांतच माघार घ्यावी लागली.

आता तो व्हिडिओ पुन्हा बघा, पण घड्याळ सोडून डग्लसकडे बघा. खाली पडल्यावर तो चिडून मुठीने कॅनव्हासवर मारतो. शुद्ध हरपलेला माणूस असं करत नाही. आपण बेसावध सापडलो याचा तो राग आहे. मग तो रेफ्रीकडे बघत कोपरावर उठतो, आकडे ऐकतो आणि ‘नऊ’ला उभा राहतो.

मी काही वर्षं हौशी बॉक्सिंग केलंय आणि नंतर स्थानिक स्पर्धांत टायमकीपरच्या टेबलावरही बसलोय. खाली पडलेल्या बॉक्सरसाठी घड्याळ नावाची वस्तू अस्तित्वातच नसते. रेफ्रीची बोटं आणि त्याचा आवाज, एवढंच काय ते असतं. कुठलाही चांगला प्रशिक्षक पोरांना पहिल्या दिवसापासून बजावतो की पडलास तर धडपडून उठू नकोस, एका गुडघ्यावर ये, श्वास घे, ‘आठ’ ऐकू आलं की उभा राहा. त्या काही सेकंदांवर त्याचा हक्क असतो. म्हणजे बॉक्सर मोजणीवर विसंबून आपली विश्रांती ठरवतो. मेरान यांनी मोजायला दोन सेकंद आधी सुरुवात केली असती, तर डग्लस दोन सेकंद आधी उठला असता का? माझ्या मते नक्की उठला असता. पण समजा खात्री देता येत नाही, तरी घड्याळ लावून निकाल फिरवणं चुकीचंच, कारण त्या दिवशी त्या मोजणीला तो ज्या तऱ्हेने वागला तेवढाच पुरावा आपल्याकडे आहे. दुसरी मोजणी झालीच नाही. आणि तोच काटा दहाव्या फेरीला लावला तर टायसनलाही दहा सेकंदांहून जास्त वेळ मिळाला होता. त्या रात्री मेरान दोघांसाठीही सारखेच हळू मोजत होते.

यावर कोणी म्हणेल, नियमात तर ‘दहा सेकंद’ असंच लिहिलंय. बरोबर आहे. आधुनिक बॉक्सिंगचा पाया असलेल्या १८६७च्या मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी नियमांपासून ते तसंच आहे. त्याआधीच्या उघड्या मुठींच्या लढतींत कोणी पडलं की फेरीच संपायची आणि अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीनंतर पुन्हा रेघेवर येऊन उभं राहावं लागायचं. क्वीन्सबरी नियमांनी पडलेल्याला कोणाच्याही मदतीशिवाय उठायला दहा सेकंद दिले आणि तोवर दुसऱ्याने आपल्या कोपऱ्यात परत जायचं, असं सांगितलं. म्हणजे कोपऱ्यात जाण्याची अटही तितकीच जुनी आहे. पण सेकंद नियमात लिहिले तरी ते पुकारायचं काम एका माणसाकडे दिलेलं आहे आणि खाली पडलेल्याने त्याच माणसाचं ऐकायचं आहे. त्याने चूक केली तर चूक त्याच्या नावावर लिहावी, ऐकणाऱ्याच्या नावावर कशी लिहिणार?

कोपऱ्याची अट कागदावर होती, पण अमेरिकेत कित्येक वर्षं ती कोणी फारशी पाळत नव्हतं. तेव्हाचा हेवीवेट विजेता जॅक डेम्प्सीच्या लढती पाहिल्या की हे कळतं. १४ सप्टेंबर १९२३ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्याने अर्जेंटिनाच्या लुइस फिर्पोला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. फिर्पो उठायला लागला की हा डोक्यावर उभाच. गुडघा जमिनीवरून सुटला रे सुटला की पुढचा ठोसा. त्याच फेरीत फिर्पोने डेम्प्सीला दोरांमधून रिंगबाहेर पत्रकारांच्या टेबलांवर भिरकावलं आणि तिथल्या लोकांनी त्याला ढकलून आत चढवलं. मदतीशिवाय उठायचा नियम तेव्हा कुठे गेला होता कोण जाणे. दुसऱ्या फेरीत डेम्प्सी जिंकला. ही लढत रोमहर्षक म्हणून सांगितली जाते. मला ती पाहताना फिर्पोची कणव येते.

या सगळ्याचा हिशोब २२ सप्टेंबर १९२७ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर झाला. वर्षभरापूर्वी जीन टनीने डेम्प्सीकडून हेवीवेटचा किताब घेतला होता, ही परतीची लढत होती. लाखाच्या वर प्रेक्षक, २६ लाख डॉलरच्या वर तिकीटविक्री. इलिनॉयच्या नियमानुसार पाडणाऱ्याने सर्वात लांबच्या रिकाम्या कोपऱ्यात, म्हणजे न्यूट्रल कॉर्नरला जायचं होतं, आणि लढतीआधी दोघांनाही ते समजावून सांगितलं होतं. सातव्या फेरीत डेम्प्सीने टनीला दोरांशी गाठलं आणि एकामागून एक ठोसे घालून खाली बसवलं. टनीचा डावा हात दोराला, नजर हरवलेली. आणि डेम्प्सी? सवयीप्रमाणे जवळच उभा. रेफ्री डेव्ह बॅरी त्याला कोपऱ्याकडे जायला सांगतायत, तो जात नाही. अखेर तो गेल्यावर बॅरी परतले तेव्हा टायमकीपरचा आकडा पाचवर आला होता. बॅरींनी तो न उचलता पुन्हा ‘एक’पासून सुरुवात केली. टनी ‘नऊ’ला उठला. एकूण तेरा-चौदा सेकंद तो खाली होता. उठल्यावर तो मागे मागे सरकत डेम्प्सीला चकवत राहिला आणि दहा फेऱ्यांच्या शेवटी गुणांवर जिंकला.

लोक इथे बॅरींना खलनायक ठरवतात. मला ते अर्धंच पटतं. तिथल्या नियमाचे दोन भाग होते. दुसरा बॉक्सर कोपऱ्यात गेला की रेफ्रीने टायमकीपरबरोबर मोजणी उचलायची, हा एक. आणि कोपऱ्यात थांबलेला बॉक्सर तिथून निघाला तर तो परत जाईपर्यंत मोजणी बंद ठेवायची, हा दुसरा. डेम्प्सी मुळात गेलाच नव्हता. अशा वेळी काय करायचं याची स्पष्ट वाट त्या शब्दांत सापडत नाही. बॅरींनी ‘एक’पासून मोजलं ते नियमाच्या हेतूला धरून होतं असं मी म्हणेन. हटवादी डेम्प्सीमुळे वाया गेलेले सेकंद डेम्प्सीच्या खात्यावर जायला हवेत. शिवाय टनी आयुष्यभर सांगत राहिला की आपल्याला आधी उठता आलं असतं, आपण मोजणी पुरेपूर वापरली.

पण आठव्या फेरीचं काय? तिथे टनीने डेम्प्सीला क्षणभर खाली पाडलं आणि बॅरींनी टनीला कोपऱ्यात न पाठवताच लगेच ‘एक’ म्हणून टाकलं. डेम्प्सी तत्क्षणी उठला, त्यामुळे फरक पडला नाही. तरीही एकाच लढतीत एका बॉक्सरला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, याला माझ्याकडे उत्तर नाही. सातव्या फेरीतल्या त्या जादा सेकंदांवर शंभर वर्षं वाद चाललाय. आठव्या फेरीतला तो एक आकडा मला जास्त मोठा अन्याय वाटतो.

आज अमेरिकेतल्या बॉक्सिंग कमिशनांचे एकत्रित नियम हा घोळ बऱ्यापैकी मिटवतात. पाडणारा कोपऱ्यातून निघाला तर रेफ्री मोजणी थांबवू शकतो आणि तो परतल्यावर जिथे थांबली तिथून पुढे मोजायचं असतं. पडलेला लगेच उठला तरी आठपर्यंत मोजायचंच. घंटा झाली म्हणून कोणी वाचत नाही, फेरी संपली तरी मोजणी चालू राहते. रिंगबाहेर पडलेल्याला वीस सेकंद, पण कोणी हात लावायचा नाही. एका फेरीत तीनदा पडला की लढत आपोआप बंद, हा नियम काही ठिकाणी असायचा. एकत्रित नियमांत तो नाही.

नियम असूनही माणूस गोंधळला तर काय होतं ते २५ मे १९६५ला अमेरिकेच्या मेन राज्यातल्या लुइस्टन गावी दिसलं. मुहम्मद अलीने पहिल्याच फेरीत सॉनी लिस्टनला पाडलं आणि त्याच्या अंगावर ओरडत उभा राहिला. तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. रेफ्री जर्सी जो वॉलकॉट स्वतः एकेकाळचे हेवीवेट विजेते, पण अलीला मागे रेटता रेटता त्यांनी मोजणी सुरूच केली नाही. लिस्टन उठला, दोघे पुन्हा लढू लागले, आणि ‘द रिंग’ मासिकाचे नॅट फ्लायशर यांनी कडेवरून ओरडून दहा सेकंद कधीच उलटून गेल्याचं सांगितलं. वॉलकॉट लढणाऱ्या दोघांना तसंच सोडून तिकडे गेले आणि परत येऊन त्यांनी लढत थांबवली. लिस्टन मुद्दाम पडला की खरंच लागलं, या वादात मी पडत नाही. पण त्याच्या कानावर रेफ्रीचा एकही आकडा पडला नव्हता, आणि तरी त्याला मोजून बाद धरलं. डग्लसबद्दल मी जे म्हणतोय तेच तत्त्व लावलं, तर लिस्टनवर तिथे अन्याय झाला.

मोजणीत उठला म्हणजे प्रश्न संपला असंही नाही. ‘आठ’ झाल्यावर रेफ्रीला ठरवायचं असतं की हा माणूस स्वतःचा बचाव करू शकतो का. व्यावसायिक बॉक्सिंगमधला सगळ्यात जड निर्णय हाच. टोकियोनंतर महिनाभरात, १७ मार्च १९९०ला लास व्हेगासमध्ये मेल्ड्रिक टेलर हा हुलिओ सेझार चावेझविरुद्ध दोन जजांच्या गुणांच्या कार्डांवर स्पष्ट पुढे होता. बाराव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत चावेझने त्याला पाडलं. टेलर दोर धरून उठला. रेफ्री रिचर्ड स्टील यांनी आठपर्यंत मोजून त्याला दोनदा विचारलं, ठीक आहेस का? टेलरची नजर स्वतःच्या कोपऱ्याकडे होती, तिथे त्याचे प्रशिक्षक लू ड्युवा रिंगच्या कडेवर चढले होते. उत्तर आलं नाही. स्टील यांनी लढत थांबवली तेव्हा घड्याळात दोन सेकंद उरले होते.

दोन सेकंदांत कोणता ठोसा बसणार होता, असं आजही विचारलं जातं. मी स्टील यांच्या बाजूने आहे. टेलरच्या चेहऱ्याचं हाड मोडलेलं होतं, रक्त गिळून पोटात गेलेलं होतं, त्याला थेट रुग्णालयात न्यावं लागलं. रेफ्रीने घड्याळ बघून माणसाची तब्येत ठरवायची नसते. १९६२मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथ दोरांत अडकलेल्या बेनी पॅरेटला मारत राहिला आणि रेफ्री रूबी गोल्डस्टीन यांना थांबवायला उशीर झाला. पॅरेट दहा दिवसांनी गेला. त्यामुळे लवकर थांबवणाऱ्या रेफ्रीला शिव्या देताना माझी जीभ अडखळते.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती जॅक रीस यांनी दाखवली. १ डिसेंबर २०१८, लॉस एंजेलिस. बाराव्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरने टायसन फ्युरीला असं पाडलं की तो सरळ पाठीवर आडवा, डोळे मिटलेले. बहुतेक रेफ्रींनी हात हलवून तिथेच संपवलं असतं. रीस खाली वाकले, त्याच्या चेहऱ्याजवळ जाऊन मोजत राहिले. फ्युरी उठला. रीस यांनी त्याला बाजूला चालायला लावून पारखलं आणि मगच लढत पुढे सुरू केली. फ्युरीने उरलेली फेरी चांगली काढली आणि लढत बरोबरीत सुटली. मोजणी कशासाठी असते ते मला त्या प्रसंगात सगळ्यात स्वच्छ दिसतं. रीस यांचं घड्याळाकडे नाही, फ्युरीच्या डोळ्यांकडे लक्ष होतं. २०२१च्या फ्युरी-वाइल्डर तिसऱ्या लढतीतही चौथ्या फेरीत फ्युरी दोनदा पडला, आणि रेफ्री रसेल मोरा यांनी हळू मोजलं म्हणून वाइल्डरच्या चाहत्यांनी टोकियोचीच तक्रार पुन्हा केली. माझं उत्तरही तेच, फ्युरीने रेफ्रीचा आकडा पाळला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कॅमेऱ्यांचा. मोजणीच्या चुकीपेक्षा व्हिडिओची खरी गरज आहे ती नॉकडाउन होता की नव्हता हे ठरवायला. पायाच्या तळव्यांशिवाय शरीराचा कुठलाही भाग, अगदी ग्लोव्हसुद्धा, नियमात बसणाऱ्या ठोशाने कॅनव्हासला टेकला तर तो नॉकडाउन. दोरांनी सावरलं म्हणून पडायचा वाचला, तरीही नॉकडाउन. पाय घसरला किंवा ढकललं तर नाही. साधारणपणे नॉकडाउनची फेरी १०-८ अशी, म्हणजे पाडणाऱ्याला दहा आणि पडलेल्याला आठ गुण, लिहिली जाते, त्यामुळे एका चुकीच्या निर्णयाने किताब इकडचा तिकडे होऊ शकतो. ऑगस्ट २०११मध्ये अब्नेर मारेस आणि जोसेफ अग्बेको यांच्या लढतीत हेच घडलं. अकराव्या फेरीत मारेसचा ठोसा उघड उघड पट्ट्याखाली लागला, अग्बेको कळवळून खाली बसला आणि मोरा यांनी त्यालाच मोजायला सुरुवात केली. त्याआधीही पट्ट्याखाली बसलेल्या ठोशांकडे ते दुर्लक्ष करत आले होते. निकाल मारेसच्या बाजूने गेला. टीव्हीवर ती दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवली, सगळ्या जगाने पाहिलं, पण निकाल तोच राहिला. आयबीएफने परतीची लढत घ्यायला लावली आणि डिसेंबरमध्ये मारेस ती स्वच्छ जिंकला, म्हणून प्रकरण निवळलं. अग्बेकोचा किताब मात्र ऑगस्टमध्येच गेला होता.

व्हिडिओ बघायची सोय असली तरी अडचण संपत नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये लास व्हेगासमध्ये जोशुआ फ्रँकोचा डोळा पहिल्या फेरीतच सुजला. रेफ्री रॉबर्ट बर्ड यांनी कारण दिलं डोक्याची टक्कर. समोरचा अँड्र्यू मोलोनी म्हणत होता, माझ्या जॅबनेच सुजलाय. दुसऱ्या फेरीनंतर लढत थांबली आणि मग अधिकारी जवळजवळ २६ मिनिटं व्हिडिओ बघत बसले. घरी बसलेल्या प्रेक्षकांना जॅब दिसत होते, डोळा सुजवेल अशी टक्कर दिसत नव्हती. तरीही बर्ड यांचा निर्णय कायम राहिला, लढत अनिर्णित धरली गेली आणि मोलोनीच्या हातून किताबाची संधी निसटली. कारण व्यवस्थाच अशी की रेफ्रीचा शब्द खोडायला निर्विवाद पुरावा लागतो, आणि घडलेली टक्कर दाखवता येते पण न घडलेली टक्कर ‘नव्हती’ हे सिद्ध करणं फार कठीण जातं.

म्हणून मला व्हिडिओचा उपयोग मर्यादित ठेवलेला आवडेल. फेऱ्यांमधल्या एका मिनिटाच्या विश्रांतीत टेबलावरच्या अधिकाऱ्याने फक्त दोन गोष्टी तपासाव्यात. नॉकडाउन ठरवलेला ठोसा पट्ट्याखाली होता का, आणि जो पडला तो ठोशाने की घसरून. चूक दिसली तर जजांना लगेच कळवावं, म्हणजे त्या फेरीचे गुण तिथल्या तिथे दुरुस्त होतील. मोजणीसाठी कॅमेरा नकोच. त्यासाठी टायमकीपरचा आकडा रेफ्रीला स्पष्ट ऐकू येईल अशी सोय हवी, कानात यंत्र बसवा नाहीतर कोपऱ्यांवर सेकंदासेकंदाला पेटणारे दिवे लावा. टायमकीपरच्या टेबलावर बसून मी अनुभवलंय की गर्दी ओरडायला लागली की हाताने टेबलावर आपटून मोजलेले आकडे तीन हातांवर उभ्या रेफ्रीपर्यंतही पोचत नाहीत. टोकियो डोममध्ये यातलं काहीही असतं, तर मेरान यांनी दोन सेकंद गमावले नसते आणि हा प्रश्न तुम्हाला विचारावाच लागला नसता.